झाशीला खाली बसलो, त्याची गोष्ट

पुणे स्टेशनवर गाडीत बसवून देताना गौरीने मला एकच पथ्य सांगितलं. "बाबा, तिथे काहीही करा, फक्त कुणाचं मराठी सुधारू नका."

गौरी माझी मुलगी. पुण्यात नोकरी करते. तिच्याच ऑफिसातला सारंग नावाचा मुलगा तिने पसंत केला आहे आणि सारंगचं घर झाशीला. त्याचे पूर्वज पेशवाईत कारभारासाठी तिकडे गेले, ते तिकडचेच झाले. मुलगा मला आवडला होता. प्रश्न एवढाच होता की त्याच्या आईवडिलांना आम्ही आवडतो का. "दोन्ही घरं मनापासून हो म्हणाली तरच मी लग्न करणार," असं गौरीने जाहीर केलं होतं. तिच्या आईचा गुडघा ऐन वेळी धरला, त्यामुळे आमच्या घराची बाजू मांडायला मी एकटाच निघालो होतो. शनिवारी संध्याकाळी पोचायचं, रविवार त्यांच्याबरोबर घालवायचा आणि रविवारीच रात्रीच्या गाडीने परतायचं, असा बेत होता.

पथ्य मात्र योग्य होतं. मी साताऱ्याला शाळेत मराठी शिकवतो. लग्नाला गेलो तर आधी पत्रिकेतले ऱ्हस्व-दीर्घ तपासतो, मग अक्षता टाकतो. आमच्या कोपऱ्यावरच्या उपाहारगृहाच्या मालकाने मला पाहिलं की तो फळा उलटा करून ठेवतो. असा माणूस व्याही म्हणून पाठवणं हे धाडसच होतं. सोबत हिने कंदी पेढ्यांचा डबा, एक नारळ, माझा काळा कोट आणि टोपी दिली होती. "बैठक बसलीच तर उघड्या डोक्याने बसू नका," ही म्हणाली.

झाशीला उतरलो तेव्हा थंडीने माझे दात वाजत होते. साताऱ्याची थंडी ही थंडीच नव्हे, हे मला फलाटावरच कळलं. मफलर गुंडाळलेले मधुकरराव, म्हणजे सारंगचे वडील, मला न्यायला आले होते. ते चिरगावला एका कचेरीत हेडक्लार्क आहेत आणि आठवड्याचे सहा दिवस बसने जाऊन-येऊन करतात. माणूस सडपातळ, हसरा, आवाजाने मऊ. "या, मास्तरसाहेब. प्रवासात तकलीफ तर नाही झाली?" त्यांनी विचारलं. 'तकलीफ' शब्दावर माझी जीभ वळवळली. मी तोंडात बडीशेप टाकली.

घर दुमजली, साधं, स्वच्छ. खाली पुढची खोली, आतली खोली आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या, त्यावर गच्ची. दारात सारंगची आई मंगलाताई उभ्या होत्या. त्या छावणीतल्या एका शाळेत लहान मुलांना शिकवतात. "आइए भाईसाहब," त्या म्हणाल्या, आणि जेवण होईपर्यंत माझ्याशी हिंदीतच बोलत राहिल्या. मी मराठीत विचारायचो, त्या हिंदीत उत्तर द्यायच्या. हे जरा खटकलं. हा परकेपणा आहे की नाराजी, मला कळेना. सारंगची धाकटी बहीण रेवा कॉलेजात शिकते. तिला मराठी सगळं समजतं, पण बोलताना अर्ध्यात हिंदीच्या गाडीत चढते. "काका, आणखी कढी देऊ? शरमाना नहीं हं."

झोपायला वर जाताना मधुकररावांनी जिन्यापाशी मला थांबवलं आणि ते वाक्य उच्चारलं, ज्यामुळे पुढचं सगळं रामायण घडलं.

"उद्या रविवार. तातील." तातील म्हणजे सुट्टी. हा शब्द मी फक्त जुन्या कागदपत्रांत वाचला होता, जिवंत माणसाच्या तोंडून प्रथमच ऐकला. मी मनातल्या मनात त्यांना शंभरपैकी शंभर गुण दिले. "उद्या आपण सगळे खाली बसू. सकाळपासूनच. शेजारचे दुबेजी पण येतील, ते नेहमी असतात. तुम्ही पण आमच्यासोबत खाली बसा."

खाली बसू. खालच्या खोलीत. सगळे. शिवाय शेजारचे वडीलधारे गृहस्थ मध्यस्थीला. म्हणजे बैठकच! मुलाकडच्यांनी एवढ्या सभ्यपणे निरोप दिला होता, त्याला मीही तितकंच सभ्यपणे उत्तर दिलं. "अवश्य. मी तयार असेन."

वर जाऊन मी गौरीला फोन केला. "उद्या बैठक आहे," मी दबक्या आवाजात सांगितलं.

"सारंग तर काही म्हणाला नाही," ती म्हणाली.

"मोठ्या गोष्टी मुलांना सांगत नाहीत."

ती म्हणाली, "बाबा, नीट बोला हं. प्लीज." तिच्या आवाजातला कंप ऐकून मला रात्रभर धड झोप लागली नाही.

पहाटे अंधारातच उठलो. गार पाण्याने आंघोळ केली, कारण गरम पाण्यासाठी कुणाला उठवणं मुलीच्या बापाला शोभलं नसतं. काळा कोट चढवला, टोपी घातली. पिशवीही भरून ठेवली, म्हणजे बैठक लांबली तर संध्याकाळी धावपळ नको. नारळ आणि पेढे घेऊन खाली आलो. खोलीत काळोख होता. दिव्याचं बटण काही सापडेना. चाचपडत सोफा गाठला आणि पिशवी पायाशी, नारळ मांडीवर, पाठ ताठ, असा बसून राहिलो. खिडकीबाहेर धुकं इतकं दाट होतं की समोरचं घरही दिसत नव्हतं. घरात चिटपाखरू जागं नव्हतं. सहा वाजून गेले असतील, सात वाजले असतील. सकाळपासून म्हणाले होते, माझ्या हिशेबाने सकाळ केव्हाच झाली होती.

शेवटी रजई गुंडाळलेली रेवा पाणी प्यायला आली. तिने दिवा लावला आणि टोपी घालून नारळ घेऊन बसलेली आकृती पाहून किंकाळी फोडली.

"काका! तुम्ही? इतने सवेरे? क्या हुआ?"

"काही नाही बाळ," मी शांतपणे म्हणालो. "खाली बसलोय."

तिचा चेहरा पडला. ती आत पळाली. आतून कुजबुज ऐकू आली, मग भांड्यांचा आवाज, मग मधुकररावांचं घाईघाईने चपला शोधणं. मंगलाताई केस बांधत बाहेर आल्या. "माफ़ कीजिए भाईसाहब, माफ़ कीजिए. अभी चाय लाई." त्यांची नजर माझ्या भरलेल्या पिशवीवर गेली आणि त्या आणखीच गडबडल्या. मीही गडबडलो. मुलाची आई मुलीच्या बापाची माफी मागते, हे लक्षण काही बरं वाटलं नाही. नकार द्यायचा असला की माणसं आधी माफी मागतात.

चहा आला. मधुकरराव धुक्यात जाऊन पोहे आणि गरम जिलेबी घेऊन आले. तिकडे पोह्यांबरोबर जिलेबी खातात आणि मी ते जोडीने खाल्ल्यावर इतकी वर्षं आपण ती वेगवेगळी का खात होतो, हा प्रश्न पडला. इतक्यात कांबळ्यात गुरफटलेले दुबेजी आले. भरघोस मिशा, बुंदेली बोली, आणि डोळ्यांत सदैव काहीतरी गंमत.

"काए मास्साब, भुनसारे से इतै काए बैठे?" (मास्तरसाहेब, भल्या पहाटेपासून इथे का बसलात?)

"आपकी राह देख रहा था," मी म्हणालो. मध्यस्थाला असं म्हणणं मला सौजन्याचं वाटलं. दुबेजींनी मधुकररावांकडे पाहिलं, मधुकररावांनी मंगलाताईंकडे पाहिलं आणि मंगलाताई स्वयंपाकघरात गेल्या. मागोमाग आलेल्या नवऱ्याला त्या आत म्हणाल्या, "इन्हें कहीं घुमा लाओ. बोर हो गए हैं." मला वाटलं, आधी पुरुषांनी बाहेर जाऊन बोलून घ्यावं अशी इकडची रीत असेल.

अशा रीतीने मी झाशीचा किल्ला पाहिला. किल्ल्याबद्दल मी इथे काही सांगणार नाही. एक तर ते आपण सगळे शाळेत शिकलो आहोत, दुसरं म्हणजे मी किल्ला पाहिलाच नाही. मी मधुकररावांच्या तोंडाकडे पाहत होतो. ते बिचारे धापा टाकत चढत होते. आपण इथे सारंग लहान असताना आलो होतो, त्यानंतर आजच, असं त्यांनी सांगितलं. एका बुरुजावर ते थांबले, वळले आणि गंभीरपणे म्हणाले, "मास्तरसाहेब..." मी टोपी सारखी केली. "शेंगदाणे घेणार का?"

पुढच्या बुरुजावर पुन्हा तेच. "मास्तरसाहेब... ऊन बरं वाटतंय ना?"

वर धुकं फाटून कोवळं ऊन पडलं होतं आणि निम्मी झाशी त्यात आडवी झाली होती. एक कुटुंब चादर पसरून डबे उघडून बसलं होतं. त्यातले आजोबा तोंडावर रुमाल टाकून झोपले होते आणि नातवंडं त्यांना ओलांडून पकडापकडी खेळत होती. चार जण पत्ते कुटत होते. दोन बाया मटार सोलत होत्या. होय, किल्ल्यावर, घरून आणलेले मटार. शेजारी एक तरुण जोडपं एकमेकांशी चकार शब्द न बोलता भिंतीला टेकून संत्रं खात होतं. काही पाहायला आलेला असा त्या साऱ्यांत मीच एक होतो आणि काही पाहत नव्हतो तोही मीच. ही माणसं रविवार असा फुकट कसा घालवतात, असं माझ्यातला शिक्षक कुरकुरला. माझा रविवार म्हणजे वह्या तपासणं, माळा आवरणं, आणि दुसऱ्या कुणी अंथरुणात लोळत असेल तर त्याला उठवणं.

दुपारी घरी परतलो तो सरळ गच्चीवर. तिथे मंगलाताईंनी गोवऱ्या पेटवून त्यांत गक्कडं (कणकेच्या जाड बाट्या) भाजायला घातली होती आणि भरताची वांगी बाजूला फुगत होती. वांग्याला तिकडे 'भटा' म्हणतात. आपल्याकडच्या भटांना हे कळवावं की नाही, याचा मी विचार करतो आहे. मंगलाताईंच्या कपाळावर घाम होता. सहा दिवस लहान मुलांच्या गोंगाटात घालवणाऱ्या त्या बाईने सकाळपासून बूड टेकलं नव्हतं. रेवा धावून दमली होती. मधुकररावांचे पाय भरून आले होते. फक्त दुबेजी निवांत होते. ते खाटेवर पाय पसरून पेरू खात होते आणि त्यांनीच शेवटी विषय काढला.

"तो मास्साब, बिटिया कैसी है आपकी?"

आली घटका! मी घसा साफ केला. माझ्या मुलीचा स्वभाव किती गुणी, हे सांगायची हीच वेळ होती. मी माझ्या उत्तमोत्तम हिंदीत सुरुवात केली. "दुबेजी, मैं मास्तर हूँ. लेकिन लड़की को मैंने आज तक एक बार भी शिक्षा नहीं दिया."

पेरू दुबेजींच्या हातातच राहिला. "एक बेर भी नईं?"

"एक बार भी नहीं!" मी अभिमानाने म्हणालो. "जरूरत ही नहीं पड़ी. उसकी माँ ने भी कभी शिक्षा नहीं दिया. हमारे घर में शिक्षा का नाम नहीं."

"राम राम," दुबेजी पुटपुटले. "खुद मास्साब हो के! तो फिर बिटिया नौकरी काए की कर रई?"

रेवाने तोंडावर ओढणी दाबली होती. ती हसून हसून खाली कोसळायची बाकी होती. "काका! शिक्षा म्हणजे पनिशमेंट ना तुमच्याकडे? इथे शिक्षा म्हणजे पढ़ाई! तुम्ही म्हणालात, मुलीला शिकवलंच नाही!"

मग दुबेजींच्या मिशा थरथरल्या, मधुकरराव हसले आणि मलाही हसू आवरेना. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, पण स्वतःच्या मुलीला असं एका वाक्यात निरक्षर करून टाकणारी चूक मी माझ्या वर्गातल्या ढ मुलांकडूनही पाहिली नव्हती. त्या हसण्याने मला धीर आला. विषय निघालाच आहे तर होऊन जाऊ दे, असं ठरवून मी मधुकररावांकडे वळलो.

"मग मधुकरराव, आता आपण खाली कधी बसायचं?"

मधुकररावांनी हात जोडले. "मास्तरसाहेब, अगदी मनापासून माफी मागतो. तुम्ही सकाळी तक्रार केलीत तेव्हाच आम्हाला फार वाईट वाटलं. पाहुणा आपल्या घरात खाली बसलाय म्हणजे काय! म्हणून तर किल्ल्यावर नेलं. आणखी कुठे जायचं असेल तर सांगा."

"तक्रार? मी कसली तक्रार केली?"

"खाली बसलोय म्हणून."

"पण तुम्हीच म्हणालात, सगळे खाली बसू म्हणून! मी पहाटेपासून खाली येऊन बसलो. नारळ घेऊन."

"खाली... नीचे?" रेवाने हळूच विचारलं. तिने एक बोट जिन्याकडे केलं.

"मग आणखी कुठे?"

आणि माझ्या डोक्यात उशिरा का होईना प्रकाश पडला. हिंदीत खाली म्हणजे रिकामं. खाली बसणं म्हणजे रिकामं बसणं, काहीही न करता. हे कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या हिंदीच्या शेजारात राहून रविवारी आमच्या मराठीत, पण त्यांच्या अर्थाने, 'खाली' बसत होतं. त्यांनी मला त्यांच्या घरातली सगळ्यात सुखाची गोष्ट देऊ केली होती आणि मी कोट घालून तिच्यावर पाणी फिरवलं होतं. पाहुणा अंधारात पिशवी भरून एकटा बसतो आणि वर 'मी रिकामा बसलोय' असं ऐकवतो, याचा त्यांनी दुसरा काय अर्थ लावायचा?

कुणीच हसलं नाही. मंगलाताई गोवऱ्यांपाशी पाठमोऱ्या बसल्या होत्या. मी आल्यापासून त्या पहिल्यांदाच माझ्याशी मराठीत बोलल्या, अगदी हळू. "आमची मराठी बिघडलेली आहे हो. पुण्याकडे एका लग्नाला गेले होते, तेव्हा मी बोलायला लागले की बायका एकमेकींना कोपर मारून हसायच्या. तेव्हापासून तिकडचं कुणी आलं की मी हिंदीच बोलते. त्यात तुम्ही मराठीचे मास्तर. सारंगला म्हटलं मी, मुलगी चांगली असेल रे, पण तिच्या माहेरी मी तोंड कसं उघडू?"

मला फार वाईट वाटलं. सगळा दिवस मी या घराच्या नकाराला भीत होतो, आणि हे घर मला भीत होतं. बडीशेपेची पुडी खिशातून काढून फेकून द्यावीशी वाटली.

"ताई," मी म्हणालो, "इकडे बघा. भर थंडीत गार पाण्याने आंघोळ करून, टोपी घालून, नारळ मांडीवर घेऊन, दिव्याचं बटण सापडेना म्हणून अंधारात बसलेला मी. तुमच्या मुलीला भूत दिसलं असं वाटलं. आत्ताच मी दुबेजींना सांगितलं की माझी पोर अडाणी आहे. बिघडलेली मराठी कुणाची, तुम्हीच सांगा."

आधी रेवा फुटली. "आई, खरंच भूत वाटलं! टोपीवालं!" मग मंगलाताईंच्या खांद्यांना हिसके बसू लागले. त्या रडताहेत की काय म्हणून मी घाबरलो, पण त्या वळल्या तेव्हा हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि एक गक्कड पार करपलं होतं. दुबेजींना मात्र सगळं दोनदा समजावून सांगावं लागलं. समजल्यावर ते म्हणाले, "हओ, तो अब उतारो जो कोट."

मी कोट उतरवला. टोपीही काढली. बैठकीसाठी मी गच्चीवर आणलेला नारळ मंगलाताईंनी उचलला आणि रेवाला म्हणाल्या, "हा खालच्या फडताळात ठेव. असू दे. लागेल." मला वाटलं, चटणीला.

त्यानंतर जे झालं ते वर्णन करणं अवघड आहे, कारण काहीच झालं नाही. तुपात बुडवलेलं गक्कड आणि भरीत खाल्लं. किती खाल्लं ते हिला सांगितलेलं नाही. मधुकरराव उन्हात सतरंजीवर आडवे झाले. मंगलाताईंनी विणकाम काढलं आणि चार टाके घालून मांडीवर तसंच ठेवून दिलं. रेवा केस वाळवत होती. दुबेजी मधूनच एखादी बातमी सांगत, कुणी "हं" म्हणत, कुणी म्हणत नसे. मलाही एक उशी मिळाली. मी दुपारी कधीच झोपत नाही, असं मी सगळ्यांना दोनदा सांगितलं.

जाग आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं आणि माझ्या अंगावर कुणीतरी शाल घातली होती. "काका, तुम्ही घोरत होतात," रेवाने बातमी दिली. "दुबेजी उठून घरी गेले." मी शरमेने लाल झालो. मुलीचा बाप होणाऱ्या व्याह्यांच्या गच्चीवर घोरतो! पण मंगलाताई गालात हसत चहा गाळत होत्या. "बरं झालं, भाऊ," त्या म्हणाल्या. कालपासून मी भाईसाहब होतो.

संध्याकाळी पाय मोकळे करायला छावणीत गेलो. तिथले रस्ते रुंद आणि शांत, दोन्ही बाजूंना जुने बंगले, कडुलिंबाची झाडं, चुना फासलेले दगड. हे तिघे दर रविवारी असेच इथे येतात, कुणाला न भेटता परत जातात. आमचं मराठी ऐकून समोरून येणारा एक जवान थबकला. कानटोपी, हातात बायकोने सांगितलेल्या भाजीची पिशवी.

"पाव्हणं, सातारकडचं का?" त्याने विचारलं. तो कोरेगावचा निघाला. गाववाला भेटल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. "मग हिकडं काय काम काढलंत?"

"काही नाही," मी म्हणालो. "खाली बसायला आलोय."

त्याने इकडेतिकडे पाहिलं. मग काळजीने म्हणाला, "हितं? गवत वल्लं हाय की, पाव्हणं. पलीकडं बाकडं हाय, तिथं बसा."

मी मंगलाताईंकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे, आणि आम्ही दोघेही तोंड फिरवून उभे राहिलो. रेवा तर रस्त्याच्या कडेच्या चुना फासलेल्या दगडावर बसलीच. त्या बिचाऱ्याला काय चुकलं ते कळेना. पुण्याच्या लग्नातल्या त्या हसण्याची आणि या हसण्याची जात वेगळी होती, हे मला मंगलाताईंच्या चेहऱ्यावर दिसलं. जवानाला सगळं समजावून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बरं हाय. आमाला आठवड्यातनं येक दीस ह्या अर्थानं खाली बसाय मिळालं तर बरंच हाय." आणि भाजी वाळेल म्हणून घाईने निघून गेला.

स्टेशनवर तिघेही आले. लग्नाचा विषय दिवसभरात एका शब्दाने निघाला नव्हता आणि मला तो काढायचा धीर होत नव्हता. रविवारी असलं काही बोलत नसावेत. गाडी लागली, मी खिडकीशी बसलो. गाडी हलायच्या बेतात असताना मंगलाताई खिडकीजवळ आल्या आणि मराठीत म्हणाल्या, "भाऊ, गौरीला सांगा. आमच्याकडे रविवारी लवकर उठलेलं चालत नाही."

मी शिक्षक. माझ्या मुलीच्या वळणावर कुणी बोट ठेवलेलं मला कसं खपावं? मी ताबडतोब म्हणालो, "छे छे, ताई! गौरीला पहाटे उठायची सवय आहे. लहानपणापासून मीच लावली आहे. रविवारसुद्धा चुकत नाही!"

मंगलाताईंचं हसू जरा कमी झालं. गाडी सुटली. मधुकरराव हात हलवत मागे पडले.

मी समाधानाने घोंगडी पांघरली. पोरीची बाजू बरी सावरली, असं वाटत होतं. बबीना येऊन गेलं आणि बाहेरच्या काळोखात एकही दिवा दिसेना, तेव्हा कुठे ते वाक्य माझ्या डोक्यात शिरलं. आमच्याकडे. गौरीला सांगा. आमच्याकडे चालत नाही. आणि तो नारळ. असू दे, लागेल.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. त्या बाईने मला होकार दिला होता, मराठीत, आपणहून, आणि मराठीचा मास्तर तिला खिडकीतून नकार देऊन आला होता! मी फोन काढला. रेंज नव्हती. मी दारापाशी गेलो, फोन उंच धरला, डावीकडे धरला, उजवीकडे धरला. समोरच्या बर्थवरच्या काकूंनी आपल्या यजमानांना आणखी आत सरकवलं. ललितपूरचे दिवे दिसायला लागले तेव्हा कुठे फोन लागला.

"ताई!" मी इतक्या मोठ्याने ओरडलो की डब्यातले दोघे उठून बसले. "ताई, गौरी उशिरा उठेल! वाटेल तितक्या उशिरा उठेल! मी तिची सवय मोडतो!"

पलीकडून मंगलाताईंचा हसरा श्वास आला, आणि मग दुबेजींनी शिकवल्यासारखा एकच शब्द.

"हओ."

बुंदेलीत हो म्हणजे हओ. मला तो शुद्धच वाटला. मी परत येऊन बर्थवर बसलो आणि कोटाच्या बाहीने डोळे पुसले. समोरच्या काकूंनी न बोलता मला एक संत्रं दिलं.

घरी हिने दारातच विचारलं, "बैठक झाली का?"

"झाली," मी म्हणालो. "गच्चीवर. झोपून." मग मंगलाताईंचं वाक्य सांगितलं. मला ते कळायला बबीना ओलांडावं लागलं होतं. हिला ते उंबऱ्यातच कळलं आणि ही गुडघा विसरून देवापुढे साखर ठेवायला गेली.

किल्ला कसा होता असं शाळेत सगळ्यांनी विचारलं. छान आहे, असं मी सांगतो. राणीचं शहर पाहायला जाऊन त्या शहराचा रविवारच पाहून आलो, हे सांगायला गेलो तर ते मला रजेचा हिशेब विचारतील. प्रवासात माणसाने काय काय पाहावं याची माझी मतं पूर्वी ठाम होती. आता तितकीशी नाहीत.

पुढच्या रविवारी गौरी घरी आली होती. सवयीने मी पहाटे उठलो, आंघोळ उरकली, तिच्या खोलीपाशी गेलो. ती पोटाशी पाय घेऊन झोपली होती, लहानपणी झोपायची तशीच. मी तिला कधी अशी उजेडात झोपलेली पाहिलीच नव्हती. ऊन तिच्या पांघरुणावर आलं, मग उशीवर आलं. आतून हिची हाक आली, "अहो, तिला उठवा की. किती वाजले बघा."

"झोपू दे," मी म्हणालो. "तिकडे चालत नाही." आणि चपला हातात घेऊन, आवाज न करता, दारावरून पुढे गेलो.